आजोबांचं नाटक खरं की खोटं?

प्रिय चिऊ,

परवा सहलीला मँचेस्टरजवळच्या स्टायलची क्वारी बँक मिल, म्हणजे जुनी कापडगिरणी, बघून आलीस आणि गाडीत बसल्या बसल्या मला विचारलंस, "आई, तिथे सगळं जपून ठेवलंय, माग चालवूनसुद्धा दाखवतात. आजोबांच्या गिरणीचं म्युझियम कुठाय? ते नुसतं चाळीत नाटक करतात, आणि दर वर्षी गोष्ट वेगळीच असते. मग खरं काय ते कळणार कसं?" मँचेस्टरच्या ट्रॅफिकमध्ये मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती. तुला आता मराठी वाचता येतंय, तेव्हा लिहूनच सांगते.

म्युझियमचं आधी उरकते. मुंबईत काळाचौकीला एका बंद गिरणीत ते करायचं बरीच वर्षं घाटतंय. आजोबांच्या गिरणीत ते होण्याचा प्रश्नच नाही, कारण गिरणीच उरली नाही. तिथे टॉवर उभा आहे, आणि त्याच्या गेटवरचा वॉचमन आजोबांना "किसके यहाँ जाना है?" विचारतो.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला काढली. पुढे लालबाग, परळ, वरळी, शिवडी असं गिरण्यांचं अख्खं गावच वसलं, म्हणून ते गिरणगाव. माणसं आली कोकणातून आणि घाटावरून. बायकापोरं गावी, आणि इथे एका गावच्या गड्यांनी मिळून घेतलेली एक खोली. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर पथारी टाकायचे. आजोबा अशाच खोलीत राहिले. पेटी खाली, कपडे खुंटीला आणि भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर.

आता तुला जे "नुसतं नाटक" वाटलं त्याच्याकडे येते. या गड्यांनी गावाहून येताना भजन आणलं, नमन आणलं, बाल्या नाच आणि शक्ती-तुरा आणला, सगळ्या कोकणातल्या लोककला. मग प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ झालं, आणि देवळाचं छप्पर किंवा शाळेची खोली बांधायची म्हटलं की मंडळ नाटक लावायचं. तिकिटं खपवायची ती खात्यातल्या सोबत्यांना, जॉबरला (म्हणजे मुकादमाला), दुकानदाराला, आणि प्रयोग परळच्या दामोदर हॉलमध्ये. ते नाट्यगृह 1922 सालचं. तालमी खोलीबाहेरच्या गॅलरीत, पाळी सुटल्यावर. नायकाची रातपाळी लागली की तालीम पहाटे. घरच्या बायका तेव्हा स्टेजवर यायच्या नाहीत, म्हणून नायिका बाहेरून, नाइट (म्हणजे एका प्रयोगाचे पैसे) ठरवून आणायची. ती बाई थेट रंगीत तालमीला यायची आणि तिचं सगळं पाठ असायचं, कारण तेच नाटक तिने आणखी चार मंडळांत केलेलं असायचं. आमच्या हीरोंना मात्र विंगेतून प्रॉम्प्टिंग लागायचं, आणि प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा. आजोबांना कधीच माइक लागला नाही. दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोललेला माणूस तो. फोनवरसुद्धा ते का ओरडतात, हे तुझ्या आता लक्षात आलं असेल.

हे झालं हौसेचं. दुसरीकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांनी डफ घेऊन कामगारांचंच जगणं स्टेजवर आणलं. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड (लावणीसारखं गाणं) आजोबा भांडी घासताना म्हणतात ना, तीच. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने सुरू होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर येते. त्या चळवळीवरचं एकही पुस्तक आजोबांनी वाचलेलं नाही, पण बेळगाव-कारवार कुठे राहिलं ते त्यांना त्या छक्कडीमुळे माहीत आहे.

आता तुझा अवघड प्रश्न. गोष्ट दर वर्षी बदलते, मग खरं काय?

बदलते हे खरंच आहे. पण कोणासमोर बदलते ते बघ. चाळीच्या गणपतीत आजोबांचा ग्रुप संपावरचं नाटक करतो. म्हणजे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरण्यांमधला संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हे नाटक बघायला समोर खुर्च्यांवर बसलेले लोक त्याच संपात होते. मागे एकदा कोणीतरी भोंग्याची वेळ चुकीची सांगितली, तर मधल्या रांगेतून लगेच आवाज आला, "ए, पहिल्या पाळीचा भोंगा सातचा होता. खाली बस!" नाटक थांबलं, वेळ दुरुस्त झाली आणि पुढे सुरू झालं. क्वारी बँकच्या पाटीवर उद्या काही चुकलं, तर तिथे काम केलेलं कोण उठून सांगणार आहे?

आजोबा मीठमसाला लावतात, हे मी नाकारत नाही. मोर्चा दर वर्षी लांबतो आणि त्यांनी पचवलेल्या लाठ्या वाढतात. ते तू अर्ध्याने कमी करून ऐकत जा.

मला खटकतं ते वाढवलेलं नाही, गाळलेलं. आजोबांच्या नाटकात सगळे कामगार एका ताटात जेवतात. गिरणीत तसं नव्हतं. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यात, सुताची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. तिथे दलिताचं तोंड लागलं तर चालणार नाही, म्हणून चांगल्या पगाराच्या विणाई खात्यात त्यांना घेतच नसत. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसाला लावला. त्या माणसांनी आपली गोष्ट वेगळ्या स्टेजवर सांगितली, आंबेडकरी जलशांतून, म्हणजे गाण्यांच्या आणि नाट्याच्या कार्यक्रमांतून. भीमराव कर्डकांचं नाव त्यात मोठं. तेव्हा एका मंडळाचं नाटक बघून गिरणगाव कळलं असं समजू नकोस, शेजारच्या चाळीचंही बघायला हवं.

आणि दुसऱ्या गाळलेल्या म्हणजे खानावळवाल्या. आजीची आई दहा-बारा गड्यांचे डबे करायची. नाटकात खानावळवालीचं काम असतं, पण विनोदी. कमरेला पदर खोचून पैशांसाठी भांडायचं आणि हशा घ्यायचा. दर वर्षी त्या प्रवेशाला आजी खुर्चीतून म्हणते, "संपात उधारीवर कोणी जेवू घातलं, तेपण दाखवा की!" लोक त्यावरही हसतात. माझ्या मते तो प्रवेश आजीने लिहायला हवा.

थोडं मोठी झालीस की जयंत पवारांचं 'अधांतर' तुला दाखवीन. ते गिरणगावातच वाढलेले. संपानंतरचं एक घर, आई, तीन मुलगे आणि एक मुलगी. त्यात मोर्चा नाही, घोषणा नाहीत, गिरणी दिसतही नाही. नुसती एक खोली आहे, आणि त्यात माणसं एकमेकांना ओरबाडतायत. ते पाहून मला आमच्या घरात तेव्हा कोणी मोठ्याने का बोलत नव्हतं, ते कळलं. आजोबांना ते नाटक अजिबात आवडत नाही. "रडकं आहे," म्हणतात.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. दामोदर 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं, त्यावर आंदोलनंही झाली. पण हॉलपेक्षा मोठी अडचण प्रेक्षकांची आहे. गिरणगावातली माणसं खोल्या विकून विरार, डोंबिवलीला गेली, कोणी गावी परतली. आता मधल्या रांगेत बसतात त्यांची नातवंडं. ती टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात, पण भोंगा किती वाजता व्हायचा हे त्यांना ठाऊक नाही. आजोबांनी काहीही सांगितलं तरी खपून जाईल, आणि ते आजोबांनाही कळलंय. म्हणूनच मोर्चा जरा जास्तच लांबायला लागलाय.

शनिवारी आपण फोन लावतो तेव्हा तू त्यांना गिरणीचं विचार. "तुम्ही शूर होतात का" असलं काही नको, नाहीतर तासभर लाठ्या ऐकाव्या लागतील. कुठल्या खात्यात होतात, एका वेळी किती माग सांभाळायचात, धागा तुटला की काय करायचात, असं विचार. रेकॉर्डिंग चालू ठेव. आजी मागून "तसं नव्हतं हो" म्हणाली, की फोन तिच्याकडे द्यायला सांग.

तुझी,
आई