पावाची खळ आणि बंदुकीची दारू

प्रश्न : माझी नात सातवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं ऑशविट्झच्या छळछावणीत केलेलं वाढदिवसाचं कार्ड निवडलंय. हृदयाच्या आकाराचं आहे, तिनं फोटो पाहिलाय. असलं काही खरंच झालं होतं का? तिथं कागद, सुई-दोरा कुठून येणार? आमचे हे म्हणतात, "कार्ड करण्यात कसलं आलंय शौर्य? हत्यार उचललं असतं तर गोष्ट वेगळी." आणखी एक. माझ्या सासूबाई सांगायच्या, वळिवड्याला छळछावणीतून सुटलेल्या गोऱ्या बायका राहायच्या. त्या याच का?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, तो लवकर मिटतो. वळिवड्याच्या बायका वेगळ्या. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका-मुलंच. त्यांनीही भोगलं, पण ते स्टालिनच्या रशियात. सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही कुटुंबं, बहुतेक कॅथलिक, इराणमार्गे आपल्याकडे आली. सासूबाईंचं चुकलं असं नाही. वळिवड्यालाही लोक 'कॅम्प'च म्हणायचे, मग दोन कॅम्प एकात मिसळणारच.

आता कार्ड. ते खरं आहे. ऑशविट्झ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनांनी पोलंडमध्ये चालवलेली छावणी, तिथं मारले गेलेले बहुतेक ज्यू. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या होलोकॉस्ट (म्हणजे ज्यूंचा संहार) म्युझियमच्या संग्रहात आहे. तळहातात मावेल एवढं. वर जांभळं कापड, त्यावर नारिंगी दोऱ्यानं भरलेलं 'एफ' हे अक्षर. आत घड्या घालून उघडत जाणारी कागदाची पानं. १२ डिसेंबर १९४४ रोजी फानिया नावाच्या मुलीला वीस वर्षं पूर्ण झाली, तिच्यासाठी झ्लाटका नावाच्या मैत्रिणीनं ते केलं. विसेक जणींनी आत शुभेच्छा लिहून सह्या केल्या. कुणी पोलिशमध्ये, कुणी हिब्रूत, कुणी जर्मनमध्ये, कुणी फ्रेंचमध्ये. एकीनं लिहिलंय, म्हातारी झालीस की नाकावर चष्मा चढव, हे हातात घे आणि माझी सही पुन्हा वाच.

हे लिहिणारीचं वय काय असेल? या सगळ्या विशी-बाविशीच्या आसपासच्या. त्याचंही कारण ऐका. गाडी फलाटावर आली की लहान मुलं, मुलांच्या आया आणि म्हातारी माणसं थेट विषारी गॅसच्या कोठडीकडे जायची. कामाला ठेवायच्या त्या धडधाकट तरुण मुली. म्हणजे छावणीत जिवंत उरलेल्या मुलींना बहुधा आई नसायचीच. मग त्या चार-पाच जणींचं घर करायच्या, एकमेकींना 'छावणीबहीण' म्हणायच्या. एकीला ताप आला की दुसऱ्या दोघी तिला हजेरीत दोन्ही बाजूंनी टेकू देऊन उभी करायच्या, कारण कोसळली तर संपली.

सामान कुठून आलं, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. छावणीत एक शब्द रुळला होता, 'ऑर्गनाइझ करणं'. आपल्याकडे 'पैदा करणं' म्हणतात ना, तसा. त्याला एक नियम होता. शेजारणीचा पाव उचलला तर ती चोरी, तिला क्षमा नाही. जर्मनांच्या कोठारातून, कारखान्यातून काही काढलं तर ते ऑर्गनाइझ करणं. झ्लाटकानं कागद आणि बाकीचं सामान असंच पैदा केलं, आणि त्यासाठी मोजायला तिच्याकडे एकच नाणं होतं, पाव. स्वतःच्या वाटणीचा. चिकटवायला खळही पावाचीच, पाव पाण्यात कालवून केलेली.

तुमचं पत्र आल्यावर मी स्वयंपाकघरात ती करून पाहिली. (लेक म्हणाली, "आई, आता हे काय नवीन?") शिळ्या पावाचा आतला मऊ भाग चमचाभर पाण्यात कुस्करला, बोटानं घोटला. पहिल्यांदा गुठळ्या, मग हळूहळू चिकट. कागदावर लावून रात्रभर वहीखाली दाबून ठेवला. सकाळी पक्का बसला होता, पण घडी घातली तशी खळ मोडली आणि भुगा सांडला. आपल्या कणकेच्या खळीची सर नाही. मग लक्षात आलं, मॉन्ट्रियलचं कार्ड ऐंशी वर्षं टिकलंय.

आता तुमच्या यजमानांसाठी. या दोघी जणी काम करायच्या तो कारखाना कुठला होता, ते त्यांना सांगा. वाइक्सेल-युनियन, तोफगोळ्यांचे फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, बनवणारा. बारा-बारा तासांच्या पाळ्या. त्याच कारखान्यात एक दारूखाना होता, तिथं ज्यू मुली फ्यूजच्या टोपणांत बंदुकीची दारू दाबून भरायच्या. राखाडी रंगाची, जाड्या मिठासारखी. एस्तुसिया वाइत्सब्लूम आणि तिच्या सोबतिणी त्यातली चिमूट-चिमूट बाजूला काढायच्या. दिवसाकाठी एक-दोन चमचे. चिंधीत बांधायची, छातीशी किंवा रुमालाच्या गाठीत दडवायची, आणि वाटेत झडती लागली की चिंधी सोडून मातीत पायानं रगडून टाकायची. रेगिना साफिरश्टाइन तिथली मुकादम, तीही सामील. आला गेर्टनर नावाची मुलगी ती दारू पुढे न्यायची, आणि शेवटी ती रोझा रोबोताच्या हाती पडायची. रोझा पोलंडमधल्या चेखानूवची, कपड्यांच्या कोठारात कामाला. तिच्याकडून ती दारू झोंडरकमांडोकडे जायची. झोंडरकमांडो म्हणजे ज्यांना प्रेतं जाळायच्या कामाला जुंपलं होतं ते कैदी. तिथं पत्र्याच्या डब्यांत भरून तिचे हातबाँब व्हायचे.

७ ऑक्टोबर १९४४ ला झोंडरकमांडोनं उठाव केला. चार नंबरची दाहभट्टी पेटवली, ती पुन्हा कधी चालू झाली नाही. तीन एसएसवाले (छावणी चालवणाऱ्या नाझी दलाचे लोक) मेले, कैदी साडेचारशेच्या आसपास. मग दारू आली कुठून याचा माग काढत तपास युनियन कारखान्यात पोचला. रोझा, आला, एस्तुसिया, रेगिना या चौघींना अकरा नंबरच्या ब्लॉकमध्ये हाल हाल करून विचारलं. साखळीतल्या बाकीच्या हाती लागल्या नाहीत. रोझानं बाहेर पाठवलेल्या चिठ्ठीचा शेवट तिच्या युवक संघटनेच्या नेहमीच्या हिब्रू निरोपानं केला, खंबीर राहा, धीट राहा. जानेवारी १९४५ च्या पहिल्या आठवड्यात चौघींना फाशी दिलं. दोघींना दिवसपाळीच्या समोर, दोघींना रात्रपाळीच्या. कारखान्यातल्या मुलींना ते उभं राहून बघायला लावलं. तीन आठवड्यांनी, २७ जानेवारीला, रशियन सैन्य छावणीत शिरलं.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. उठाव ऑक्टोबरात, फाशी जानेवारीत, आणि कार्डावरची तारीख १२ डिसेंबर. म्हणजे कारखान्यातून काय-काय बाहेर जातंय याचा तपास जेव्हा जोरात होता, तेव्हाच याच कारखान्यातल्या मुली कार्डाचं सामान हातोहात सरकवत होत्या. यजमानांना हत्यार हवं होतं ना? दारू आणि कार्ड, दोन्ही एकाच दारानं बाहेर पडली, एकाच तऱ्हेनं. पकडली गेली असती तर झ्लाटकाला 'हे नुसतं कार्ड आहे' म्हणून कुणी सोडलं नसतं.

पळून का गेल्या नाहीत, असं नात विचारेल, मुलं विचारतातच. विजेचं कुंपण, हातावर गोंदलेला नंबर, भादरलेलं डोकं, हे सांगा. आणि माला त्सिमेटबाउमचं नाव सांगा. ती २४ जून १९४४ ला एका पोलिश कैद्यासोबत निसटली होती. दोनेक आठवड्यांत दोघं सापडली आणि सप्टेंबरात मारली गेली.

फानियानं ते कार्ड जपलं कसं? जानेवारीत छावणी रिकामी करताना कैद्यांना बर्फातून पायी हाकललं, तेव्हा तिनं ते काखेत दाबून नेलं. पुढच्या छावणीतही तसंच. १९८८ मध्ये ते तिनं म्युझियमला दिलं.

प्रकल्पाविषयी एवढंच. जांभळं कापड घरातलंच कुठलंही चालेल, सॅटिन विकत आणू नका. अक्षर नातीलाच भरू द्या, वाकडं झालं तरी उसवू नका. खळ मात्र पावाचीच करा आणि त्या दिवशी तिच्या डब्यातला पाव त्यासाठी घ्या, जास्तीचा देऊ नका. पावाची कड टाका, ती विरघळत नाही. मधल्या सुट्टीत तिला भूक लागेल, लागू द्या. पाणी थेंबाथेंबानं घाला, नाहीतर लगदा होतो आणि दुसरा पाव लागतो.