‘तो येईल’ आणि ‘त्याने यावं’ : फ्रेंचमधला स्युब्जोंक्तीफ

प्रश्न असा आला आहे : ‘इल् फो क’ (‘...लाच हवं’) यानंतर ‘त्यू व्याँ’ (तू येतोस) म्हटलं की चूक, ‘त्यू व्येन’च म्हणायचं. पण ‘मला आशा आहे की’ या अर्थाच्या ‘जेस्पेर क’नंतर मात्र हे वेगळं रूप चालत नाही. असं का? आणि ‘व्येन’सारख्या या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाला, म्हणजे स्युब्जोंक्तीफला, मराठीत संकेतार्थ म्हणावं का?

आधी नावाचं बघू. संकेतार्थ नको. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हा आपला संकेतार्थ, आणि फ्रेंचमध्ये ते काम दुसरीच रूपं करतात. स्युब्जोंक्तीफच्या सगळ्यांत जवळचा आहे आपला विध्यर्थ, म्हणजे ‘यावं, करावं, असावं’ ही रूपं. दोन्ही तंतोतंत एक नाहीत, पण नातं इतकं जवळचं आहे की मराठी माणसाने हा विषय इंग्रजीच्या वाटेने शिकायला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत या रूपाचे अवशेषच उरले आहेत. आपल्याकडे ते रोजच्या बोलण्यात जिवंत आहे.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. ‘तो येईल असं मला वाटतं.’ ‘त्याने यावं असं मला वाटतं.’ दोन्हींत ‘वाटतं’ एकच. तरीही पहिलं मत आहे आणि दुसरी इच्छा, आणि हा फरक फक्त ‘येणे’च्या रूपाने झाला आहे. फ्रेंचमध्ये ‘दीर’ म्हणजे ‘सांगणे’ या क्रियापदाचं असंच होतं. ‘ज दी किल् व्याँ’ म्हणजे तो येतोय असं मी सांगतो, तर ‘ज दी किल् व्येन’ म्हणजे त्याने यावं असं मी सांगतो. घडणारी गोष्ट नुसती कळवायची असेल तर साधं रूप. ती मनात धरून हवी-नकोशी म्हणायची, तिच्यावर शंका घ्यायची किंवा ती घडवू पाहायची असेल तर स्युब्जोंक्तीफ.

आता ‘जेस्पेर’चं कोडं सुटतं. मराठीत आपण म्हणतो, ‘तो येईल अशी आशा आहे.’ ‘त्याने यावं अशी आशा आहे’ हे कानाला खटकतं. पण ‘इच्छा’ म्हटलं की ‘त्याने यावं अशी इच्छा आहे’ हेच बरोबर. फ्रेंचमध्येही तसंच : ‘जेस्पेर किल् व्याँद्रा’ यात साधा भविष्यकाळ, ‘ज स्वेत किल् व्येन’ यात स्युब्जोंक्तीफ. आशेत घडण्याचा अंदाज असतो, इच्छेत नसतो. स्पॅनिशमध्ये मात्र आशेलाही स्युब्जोंक्तीफच लागतो, त्यामुळे दोन्ही भाषा शिकणारे इथे हमखास अडखळतात.

रूप बनवायचं कसं? पुस्तकं सांगतात की वर्तमानकाळातलं ‘ते’चं रूप घ्या, शेवटची न उच्चारली जाणारी अक्षरं काढा आणि नवे प्रत्यय लावा. नियम बरोबर आहे, पण मी तो कानाने लक्षात ठेवतो. ‘तो निघतो’ हे ‘इल् पार’, ‘ते निघतात’ हे ‘इल् पार्त’. स्युब्जोंक्तीफ ‘किल् पार्त’. ‘तो संपवतो’ हे ‘फिनी’, ‘ते’साठी ‘फिनीस’, आणि स्युब्जोंक्तीफही ‘फिनीस’. एकवचनात गिळलेलं व्यंजन परत ऐकू येतं, एवढंच. ‘पार्ले’ (बोलणे) यासारख्या पहिल्या गटातल्या क्रियापदांत असं गिळलेलं व्यंजनच नसतं, म्हणून एकवचनात आणि ‘ते’च्या रूपात काहीच बदल ऐकू येत नाही. बोलताना तिथे चूक होऊच शकत नाही.

‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ची रूपं वेगळ्या वाटेने जातात. तिथे ‘य’चा आवाज शिरतो : ‘नू वनों’चं ‘क नू वन्यों’, ‘वू वने’चं ‘क वू वन्ये’. ही रूपं अपूर्ण भूतकाळासारखीच दिसतात, म्हणून तो काळ येत असेल तर इथे नवं काही पाठ करावं लागत नाही. ‘पिणे’सारख्या क्रियापदात त्यामुळे दोन अंगं, म्हणजे प्रत्ययाआधीची दोन रूपं, होतात : ‘क ज ब्वाव’, पण ‘क नू ब्यूव्यों’.

पाठ करायचीच अशी रूपं थोडी आहेत. ‘असणे’चं ‘स्वा’, ‘जवळ असणे’चं ‘ए’, ‘करणे’चं ‘फास’, ‘ठाऊक असणे’चं ‘साश’, ‘शकणे’चं ‘प्युईस’, ‘जाणे’चं ‘आय’ (पण ‘आम्ही’साठी ‘आल्यों’). रोज तीच लागतात, त्यामुळे महिनाभरात तोंडात बसतात.

भविष्यकाळाचा स्युब्जोंक्तीफ फ्रेंचमध्ये नाही. ‘तो उद्या येईल असं मला वाटत नाही’ यालाही वर्तमानाचंच रूप : ‘ज न क्र्वा पा किल् व्येन दमाँ.’ इथे मराठी आपल्याला फसवते, कारण आपण ‘येईल’ म्हणतो. ‘वाटतं’ असेल तर साधं रूप, ‘वाटत नाही’ झालं की स्युब्जोंक्तीफ, हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं. भावनांच्या बाबतीतही तसंच. ‘तू आहेस याचा आनंद आहे’ यात आपण सरळ ‘आहेस’ म्हणतो. फ्रेंच माणूस म्हणतो, ‘ज स्युई कोंताँ क त्यू स्वा ला.’ तू असणं ही समोर दिसणारी गोष्ट आहे, पण वाक्य तिची बातमी देत नाही. ते माझ्या आनंदाबद्दल बोलतं.

उलट, काही ठिकाणी मराठी आश्चर्य वाटावं इतकी साथ देते. ‘ब्याँ किल् प्लव’ म्हणजे ‘पाऊस पडत असला तरी’. आपणही इथे ‘पडतो तरी’ म्हणत नाही. बाग असलेलं घर शोधताना ते विशिष्ट, माहीत असलेलं घर असेल तर फ्रेंचमध्ये ‘की आ’, आणि असं कुठलंही घर हवं असेल तर ‘की ए’. आपण पहिल्याला ‘ज्याला बाग आहे’ म्हणतो, दुसऱ्याला ‘ज्याला बाग असेल असं’. आणि भीतीच्या वाक्यातला तो रिकामा नकार, ‘जे पऽर किल् न प्लव’ (पाऊस येईल अशी मला भीती वाटते)! पुस्तकं सांगतात की या ‘न’ला अर्थ नाही. पण ‘पाऊस तर येणार नाही ना, अशी भीती वाटते’ म्हणणाऱ्या माणसाला तो परका वाटायचं कारण नाही.

एक सावधगिरी. इच्छेच्या वाक्यात दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर फ्रेंचमध्ये स्युब्जोंक्तीफ लावत नाहीत. ‘मला निघायचंय’ हे ‘ज वऽ पार्तीर’, आणि ‘तू निघावंस असं मला वाटतं’ हे ‘ज वऽ क त्यू पार्त’. ‘मला निघावंसं वाटतं’ ही आपली सुंदर रचना आहे, पण ती फ्रेंचमध्ये शब्दशः नेऊन ‘ज वऽ क ज पार्त’ म्हटलं तर ते चूकच ठरतं.

‘आवाँ क’ (आधी) आणि ‘आप्रे क’ (नंतर) ही जोडी तर फ्रेंच लोकांनाही चकवते. अजून न घडलेल्या गोष्टीला, म्हणजे ‘आधी’ला, स्युब्जोंक्तीफ लागतो. घडून गेलेलीला, म्हणजे ‘नंतर’ला, व्याकरणाप्रमाणे लागत नाही. तरीही पहिल्याच्या ओढीने पुष्कळ फ्रेंच लोक दुसऱ्यालाही तो लावतात, आणि भाषेचे नियम सांगणाऱ्या फ्रेंच अकादमीला ते मान्य नाही. परीक्षेत लिहिताना अकादमीचं ऐका. पॅरिसच्या रस्त्यावर दुसरं ऐकू आलं तर आपलाच अभ्यास कच्चा आहे असं समजू नका.