‘जा, मी नाही खेळत!’ : हरणं न सोसणारं मूल आणि लगोरीचा डाव

“मॅडम, हा हरला की घरी येतो अन् खोलीचं दार लावून घेतो. आता तर खाली जायलाच तयार नाही. मोबाइलवर मात्र तासन् तास बसतो. मोबाइलमध्ये हरला तर चालतं, मग पोरांमध्ये हरला तर काय होतं?”

नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्या आईचा हा प्रश्न. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. घरी आई, बाबा, आजोबा आणि तीन वर्षांची बहीण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार नवी नाही. ‘मूल मैदानावर जात नाही’ म्हणून येणाऱ्या पालकांशी थोडं खोलात बोललं, तर बऱ्याच वेळा मुळाशी मोबाइल नसतो, हरण्याची धास्ती असते. मोबाइलवर हरलं तर कुणी पाहत नाही आणि एका बोटाने नवा डाव सुरू होतो. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

या घराने उपाय केला नव्हता असं नाही. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून बाबांनी ‘पारंपरिक खेळांचा संच’ मागवला आणि अष्टा-चंगाचा पट मांडला. आजोबा खूश. आठवड्याभरात पट माळ्यावर गेला, कारण सोंगटी मेली की मुलगा कवड्या फेकायचा. मग बाबांनी मुद्दाम हरायला सुरुवात केली. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही मुद्दाम हरता,” आणि खेळ कायमचा बंद.

आजोबांचं म्हणणं वेगळं होतं. “आमच्या महालात (नागपूरची जुनी वस्ती) पोट्टे रडत नव्हते काय? रडत होते न! पण घरी सांगायची सोय नव्हती. बाप वरून दोन ठेवून द्यायचा.” दोन ठेवून देण्याचं सोडा, पण पहिलं वाक्य महत्त्वाचं आहे. तेव्हाची मुलंही रडत होती. रडून पुन्हा डावात यायची वाट मात्र खेळातच बांधलेली होती. ती वाट नेमकी कुठे होती ते पाहिल्याशिवाय नुसता पट विकत आणून काही होत नाही.

अष्टा-चंगा हा या मुलासाठी पहिला खेळ म्हणून चुकीचाच होता. २५ घरांचा पट, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि दोन्हीला पुन्हा टाकायची संधी. सोंगटी बाहेरच्या फेरीतून आत वळून मधल्या घरात पोचायला २४ घरं चालते. बाविसाव्या घरात ती मेली की पुन्हा सुरुवातीला. मोठ्या माणसालाही हे झोंबतं. शिवाय डाव अर्धा तास किंवा जास्त चालतो, म्हणजे अर्ध्या तासाची गुंतवणूक आणि शेवटी एकच निकाल. तेही तीन मोठ्यांसमोर, एकट्याने. खेळ उत्तम आहे, पण हरणं जमायला लागल्यावर खेळायचा.

ज्याला हरणं सोसत नाही त्याला हरणं लहान-लहान घोटांत मिळायला हवं.

म्हणून ऑक्टोबरमध्ये सुरुवात झाली ती सागरगोट्यांनी, आणि तीही एकट्याने. पाच सागरगोटे काष्ठौषधीवाल्याकडे मिळतात. न मिळाल्यास बोराएवढे पाच गुळगुळीत खडे चालतात. (घरात लहान बहीण, त्यामुळे खेळून झाल्यावर मोजून डब्यात ठेवणं सक्तीचं. ही वस्तू गिळण्याजोगी असते आणि सागरगोट्याची बी पोटात जाऊ देऊ नये.) चार जमिनीवर टाकायचे, पाचवा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. असे चारही एक-एक करून झाले की दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एका झपाट्यात. दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मूल गोटा छताकडे भिरकावतं. तो डोळ्यांच्या उंचीपर्यंतच जायला हवा, जास्त वर गेला की तिरपा येतो. दुसरी, नजर खालच्या गोट्यावर राहते. खालचा आधी हेरून ठेवायचा आणि उडवल्यावर नजर वरच्यावर. गुळगुळीत फरशीवर गोटे घरंगळतात, म्हणून खाली सतरंजी.

रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. या दहा मिनिटांत मूल वीस-पंचवीस वेळा चुकतं आणि कुणी जिंकलेलं नसतं. वहीत फक्त त्या दिवसाचा सर्वांत लांब गेलेला टप्पा लिहायचा. घरच्यांनी ‘शाबास’ म्हणायचं नाही आणि ‘अरेरे’ही नाही. आईला हे जड गेलं. ‘निदान टाळ्या तरी?’ असं तिने विचारलं. टाळी आली की प्रेक्षक आला, आणि प्रेक्षक आला की हरणं मोठं होतं.

बाबांसाठी सूचना वेगळी होती: मुद्दाम हरणं बंद, त्याऐवजी उघड सवलत. “मी डाव्या हाताने खेळणार, तू उजव्या,” असं आधी जाहीर करायचं आणि मग जीव तोडून खेळायचं. लपवलेली सवलत पकडली गेली की मुलाला दोन गोष्टी कळतात, आपण कच्चे आहोत आणि आपल्याला फसवलं जातंय. उघड सवलतीत कच्चेपणा लपवायचाच नसतो.

तिसऱ्या आठवड्यात लगोरी. स्कीमच्या मागे लेआउटमधला एक मोकळा प्लॉट होता. मुलं आठ-नऊ, सात ते बारा वर्षांची.

सामानाबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण खेळ बहुतेक वेळा इथेच मोडतो. संचातल्या लाकडी चकत्या दिसायला छान, पण गोल आणि गुळगुळीत. चेंडू लागला की त्या कडेवर उभ्या राहून गाड्यांखाली पळतात, आणि मुलांचा अर्धा वेळ कारखाली हात घालण्यात जातो. त्यापेक्षा फुटक्या कवेलूचे (कौलाचे) किंवा सपाट फरशीचे सात तुकडे घ्यावेत. सर्वांत खालचा मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा, वरचा बिस्किटाएवढा, कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. चेंडू टेनिसचा नको. तो उसळून रस्त्यावर जातो आणि जवळून पाठीत बसला तर चांगलाच लागतो. जुना मोजा चिंध्यांनी घट्ट भरायचा, सुती दोरीने गुंडाळायचा आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या करंगळीएवढ्या रुंद कड्या कापून सगळ्या बाजूंनी आडव्या-उभ्या चढवायच्या. पंचवीस-तीस कड्या लागतात. ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते. चिंध्या सैल राहिल्या तर दोन दिवसांत चेंडू लांबट होतो आणि फेकला की वाकडा जातो.

चार-चारचे दोन गट. लगोरीपासून पंधरा फुटांवर रेघ, प्रत्येकाला तीन फेकी. लगोरी फुटली की फोडणारा गट ती पुन्हा रचायला धावतो आणि दुसरा गट चेंडू मारून त्यांना बाद करतो. रचून ‘लगोरी!’ ओरडलं की डाव जिंकला. एक डाव दोन-तीन मिनिटांत आटोपतो. पाऊण तासात बारा-पंधरा डाव होतात, म्हणजे कोणतंही मूल साधारण सहा-सात वेळा हरतं आणि तेवढंच जिंकतं. आणि हरतो तो गट. घरी सांगायला एकट्याच्या नावावर काही उरत नाही.

आईने तीस पावलांवर बसायचं, पाण्याची बाटली आणि पट्टी जवळ, तोंड बंद. मूल तक्रार घेऊन आलं तर एकच वाक्य: “मग तुमचं काय ठरलं?” निकाल द्यायचा नाही. मोठ्यांना हे सगळ्यात अवघड जातं, कारण भांडण सोडवलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा बारकाईने अभ्यास करून तो १९३२मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचं निरीक्षण असं की लहान मुलांना नियम म्हणजे वरून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते; मोठी होत जातात तसं त्यांना उमगतं की नियम हा आपसांतला करार आहे आणि सगळ्यांच्या संमतीने बदलता येतो. नऊ-दहा वर्षांचं मूल याच उंबरठ्यावर असतं. “ते चिटिंग करतात,” असं हा मुलगा सारखं म्हणायचा. बाकीची पोरं मोठ्या पोरांनी ठरवलेल्या नियमाने खेळत होती आणि हा संचासोबत आलेल्या कागदावरच्या नियमाने.

पहिल्याच आठवड्यात बिनसलं. एका मोठ्या मुलाचा चेंडू याच्या कानाजवळ लागला. याने लाथ मारून लगोरी उधळली आणि घरी. दुसऱ्या दिवशी पोरांनी दोन गोष्टी ठरवल्या: मारायचं ते कमरेखालीच, आणि हा ‘कच्चा लिंबू’. संध्याकाळी आईचा फोन, आवाज चढलेला. “माझ्या मुलाला सगळ्यांसमोर कच्चा लिंबू म्हणतात! इतक्या मेहनतीने पाठवते आणि हे?”

खरं तर मुलांनी त्याला मोठ्या शहाणपणाने वागवलं होतं. कच्चा लिंबू म्हणजे खेळात आहे, धावतो, रचतो, पण बाद झाला तरी बाद धरत नाहीत आणि त्याच्यावर राज्य येत नाही. बाबांना सांगितलेली उघड सवलत ती हीच. पोरांना ती कुणी शिकवली नव्हती. ती कायमचीही नसते, पुरेसं जमलं की मूल स्वतःच ती टाकून देतं, कारण बाद न होणाऱ्याच्या जिंकण्यालाही कुणी मोजत नाही. आईला एवढंच सांगितलं की पाच दिवस थांबा. मात्र एक फरक लक्षात ठेवायचा. हे नाव डावापुरतं असेल तर सवलत. शाळेच्या बसमध्ये, जिन्यात, वाढदिवसाला त्याच नावाने हाक मारू लागले तर तो छळ, आणि तिथे मोठ्यांनी मध्ये पडायलाच हवं.

सहाव्या दिवशी चकताना, म्हणजे तळहात उताणे-पालथे टाकून राज्य ठरवताना, याने आपला हात मध्ये घातला. कच्चा लिंबू चकत नसतो. पोरांना जे समजायचं ते समजलं.

डावात परतायची दुसरी वाट होती ‘टाइम प्लीज’. राग आला की मूठ ओठांना लावून तेवढं म्हणायचं, बाजूला बसायचं, पाणी प्यायचं आणि चालू डाव संपला की पुढच्या डावात परत. घरी यायचं नाही. डावच तीन मिनिटांचा, त्यामुळे बसायची शिक्षाही तीन मिनिटांची. सुरुवातीला एका संध्याकाळी चार-पाच वेळा म्हणायचा, डिसेंबरात क्वचित. रडणं पूर्ण थांबलं नाही आणि ते ध्येयही नव्हतं.

या टप्प्यावर आजोबांना विटीदांडूची घाई झाली. त्यांना थांबवावं लागलं. उडालेली विटी थेट डोळ्याच्या उंचीने येते, आणि झेलणारं मूल तिच्याकडेच बघत असतं. मोठं मैदान, सगळे दांडूवाल्यापासून लांब आणि विटीची टोकं फार अणकुचीदार नसलेली, एवढं जमत असेल तरच. लेआउटच्या गल्लीत नाही. त्याऐवजी आजोबांनी चुन्याने रेघा आखून आट्यापाट्या शिकवली, म्हणजे रेघांवर (पाट्यांवर) उभ्या असलेल्या रोखणाऱ्यांना चुकवत पलीकडे जायचं. खऱ्या खेळात नऊ पाट्या आणि मधून उभी सूरपाटी. इथे तीनच आडव्या पाट्या, एकीपासून दुसरी दहा फुटांवर. रोखणाऱ्याचा पाय रेघ सोडून गेला की त्याचं शिवणं बाद. सामान शून्य, आणि हुलकावणी देणाऱ्या बारीक पोराला इथे दांडगटापेक्षा जास्त भाव. हा मुलगा त्यात निघाला पटाईत, पण तो योगायोग समजावा. तो पटाईत नसता तरी चाललं असतं.

दर मुलाला लगोरी पुरते असं नाही. हरल्यावर मूल स्वतःला मारून घेत असेल, चावत असेल, ‘मी मेलोच पाहिजे’ असं बोलत असेल, झोप-भूक बिघडली असेल, शाळा टाळत असेल, किंवा खेळाव्यतिरिक्त वहीत खाडाखोड झाली तरी तसाच आकांत होत असेल, तर घरगुती प्रयोग न करता बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. पाच वर्षांच्या मुलाने हरल्यावर भोकाड पसरणं हे मात्र त्या वयाचंच असतं.

जानेवारीत आईचा पुन्हा फोन आला, पण प्रश्न निराळा. संक्रांतीला मुलगा गच्चीवर जायचं म्हणतो, पतंग कटली की रडारड पुन्हा सुरू होईल का? होऊ शकतं. पण नागपूरच्या संक्रांतीत दिवसभर चहूकडून ‘ओ काट!’ चालू असतं आणि सगळ्यांच्याच पतंगी कटतात, त्यामुळे एक-दोन नव्हे, दहा स्वस्त पतंगी द्या. काळजी घ्यायची ती दुसरीच. मांजा सुती हवा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तो तुटत नाही, गळा आणि पक्ष्यांचे पंख कापतो. बोटांच्या पेरांवर चिकटपट्टी, कठडा मुलाच्या छातीपर्यंत तरी उंच, विजेच्या तारेत अडकलेली पतंग काढायला काठी घालायची नाही, आणि गच्चीवर एक मोठं माणूस. आजोबा तयारच होते.