स्ट्रिंग एक, थ्रेड दहा

प्रश्न : रुबी या प्रोग्रामिंग भाषेत दहा थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारी कामं) एकाच स्ट्रिंगला (साठवलेल्या मजकुराला) मजकूर जोडतात. कोड असा : नोंद += ओळ_आण(पत्ता). जीव्हीएल (एका वेळी एकाच थ्रेडला रुबी कोड चालवू देणारं रुबीचं आतलं कुलूप) असूनही काही ओळी गायब होतात. कशा?

उत्तर : ‘+=’ दिसायला एक, पण कामं तीन : जुनी नोंद वाचणं, जोडून नवी स्ट्रिंग बनवणं, ती व्हेरिएबलमध्ये ठेवणं. तुमच्याकडे मधेच नेटवर्कही घुसलंय. रुबी डावीकडची नोंद आधी वाचते, मग ओळ आणायला जाते, आणि नेटवर्कची वाट बघताना थ्रेड जीव्हीएल सोडतो. समजा, वाचली तेव्हा नोंद ‘क’ होती. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने तिची ‘कख’ केली. पहिला परतला तो जुना ‘क’ घेऊनच. त्याने ‘कग’ लिहिलं. ‘ख’ गेला. ना एरर, ना वॉर्निंग.

ओळ आधी आणून लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि फक्त जोडण्यापुरतं म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावा. आणणंही कुलपात कोंडलंत, तर दहा थ्रेड एकामागे एक रांगेत उभे राहतील. (ही चूक रिव्ह्यूत वरचेवर दिसते.)

प्रश्न : ‘<<’ वापरलं तर नेहमीच्या रुबीत ठीक चालतं, जेरुबीत (जावावर चालणाऱ्या रुबीत) मात्र मजकुराची खिचडी होते.

उत्तर : ‘<<’ स्ट्रिंग जागच्या जागी वाढवतं. नेहमीच्या रुबीत ते काम सी कोडमध्ये, जीव्हीएल हातात असताना उरकतं, म्हणून निभावलं. जेरुबीत जीव्हीएलच नाही. थ्रेड खरोखरच एकाच वेळी पळतात. स्ट्रिंगच्या पोटात बाइट्सचा अ‍ॅरे असतो आणि लांबीचा आकडा. दोघांनी लांबी 40 वाचली की दोघंही तिथूनच लिहिणार. शिवाय अ‍ॅरे भरला की मजकूर मोठ्या अ‍ॅरेत हलतो. तेव्हा दुसरा जुन्यातच लिहीत असेल, तर ते लिखाण पाण्यात. इथेही म्यूटेक्सच.

प्रश्न : मग स्ट्रिंग फ्रीझ करून (बदलताच येऊ नये अशी गोठवून) टाकू?

उत्तर : फ्रीझने ऑब्जेक्ट गोठतो, व्हेरिएबल नाही. गोठलेल्या स्ट्रिंगवरही ‘+=’ चालतं, कारण ते नवीच स्ट्रिंग बनवतं; म्हणजे पहिला घोळ जशास तसा. फ्रीझ कामी येतं ते रुबी 3.0 पासूनच्या रॅक्टरमध्ये (एकमेकांपासून वेगळे राहून खरोखर एकाच वेळी चालणारे भाग) : गोठलेली साधी स्ट्रिंग थेट वाटून घेता येते, एरवी पाठवताना तिची प्रत जाते.

प्रश्न : पायथनमध्ये स्ट्रिंग बदलतच नाही. तिथे निर्धास्त?

उत्तर : स्ट्रिंग बिघडणार नाही, पण ओळ हरवू शकते; ‘+=’ तिथेही तसंच. मी दोन्हीकडे सामायिक स्ट्रिंगच टाळतो. थ्रेड आपापले तुकडे क्यूमध्ये (रांगेत) टाकतात, एकच थ्रेड ते काढून शेवटी जॉइन करतो (एकत्र जोडतो). दोन्ही भाषांची क्यू मुळातच थ्रेड-सेफ आहे, वेगळं कुलूप लागत नाही.