मार्ल गायब झाली, मग मागे गेली कोण?

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये क्रोनो ट्रिगर ह्या काळप्रवासाच्या व्हिडिओ गेमवरून जाम वाद पेटलाय. त्यातली मार्ल १००० सालातून ६०० मध्ये जाते आणि तिथे गायब होते, तर एक मित्र म्हणतो ह्या सीनमध्ये लॉजिकच नाही, दुसरा म्हणतो गेम आहे, सोड ना. वर शेवट एवढे सारे, त्यातला कॅनन, म्हणजे अधिकृत धरायचा तो, कुठला? दादा, निकाल द्या.

उत्तर: पहिला मित्र बरोबर आहे, लोचा आहेच. बघा ना, ६०० मध्ये मार्लला लोक हरवलेली राणी लीन समजतात, म्हणून शोध थांबतो, खरी राणी तिकडे कॅथेड्रलमध्ये कैदेत, मार्ल तिच्याच वंशातली, ती मेली की वंश खुंटला, म्हणून मार्ल गायब. बरं, पण मार्ल जन्मलीच नाही तर राणी समजून शोध थांबवला कुणाला बघून? मग शोध चालू राहणार, राणी सापडणार, मार्ल जन्मणार, परत मागे जाणार, परत शोध थांबणार... भूतकाळात जाऊन स्वतःच्या आजोबांना मारलं तर आपण जन्मणार कसे, हा जो फेमस पॅराडॉक्स तोच हा, फक्त इथे कुणी कुणाला मारत नाही, नुसता चेहरा सारखा असल्याने सगळा घोळ. नोव्हिकोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाचं म्हणणं की भूतकाळात जाऊन तुम्ही जे कराल ते आधीच घडून गेलेलं असतं, त्याच्याशी विसंगत काही करताच येत नाही. तो नियम लावला तर खेळायचं काय, १९९९ मधला लाव्होस ह्या राक्षसाने केलेला विध्वंस टाळायलाच तर निघालोय आपण!

मला विचाराल तर गेमचा नियम वेगळाच आहे: जग बदलतं, प्रवास केलेल्यांची आठवण पुसत नाही. टीममधली लुका मागे जाऊन आईचे पाय वाचवते, पण आईचा अपघात तिच्या डोक्यातून जात नाही. मार्लसुद्धा परत आल्यावर सांगते की तिथे थंडी होती, अंधार होता. म्हणजे ती पुसली गेलीच नाही, कुठेतरी अडकली होती. हा मुद्दा तुमच्या ग्रुपमध्ये टाकून बघा, भांडण अजून वाढेल.

कॅननचं म्हणाल तर आधी क्रोनो क्रॉस, म्हणजे ह्याचा पुढचा गेम, धरायचा की नाही ते ठरवा. तो धरला तर १००५ मध्ये गार्डिया राज्य पडलं हे मान्य करावं लागतं, आणि १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ट्रिगरच्या शेवटी जे अॅनिमेशन जोडलं ते त्याच दिशेने जातं. न्यू गेम प्लसमध्ये, म्हणजे एकदा संपवलेला गेम कमावलेल्या ताकदीनिशी पुन्हा सुरू करून, लाव्होसला लवकर हरवून मिळणारे गमतीशीर शेवट मात्र मी कधीच धरत नाही, ते बोनस आहेत.

आणि हो, गेममधल्या सीलबंद पेट्यांचं कुणीच कसं काढलं नाही? ६०० मध्ये पेटीला हात लावायचा, वस्तू घ्यायची नाही, १००० मध्ये येऊन तीच वस्तू जास्त ताकदवान झालेली उचलायची आणि मग परत ६०० मध्ये जाऊन साधीही घ्यायची. एकाच पेटीतून दोन! तिथे बरा कुणाला पॅराडॉक्स आठवत नाही.