कोटिंगचे अठ्ठावीस हजार

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतजवळ राहतो, द्राक्षबाग आहे. दसऱ्याला काळ्या रंगाची एसयूव्ही घेतोय. शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंगचे २८,००० रुपये सांगितलेत. ‘काचेचा थर आहे, ९ एच कडकपणा आहे, पाच वर्षं ओरखडा नाही आणि गाडी धुवायचीही गरज नाही,’ असं ते म्हणाले. मुलगा हट्ट धरून बसलाय. ह्यांचं म्हणणं, पैसे पाण्यात जातील. गाडी घरापुढे कडुनिंबाखाली उभी असते आणि बोअरच्या पाण्याने धुतो. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य मी दोनदा वाचलं. कडुनिंब आणि बोअरचं पाणी. तुमच्या अठ्ठावीस हजारांचा निकाल शोरूमच्या काउंटरवर लागत नाही, तुमच्या अंगणात लागतो.

सातपूरला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली, म्हणून आधी रंगाबद्दल सांगतो. पत्र्यावर ईडी कोट (गंज रोखणारा थर), त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो. चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी एका केसापेक्षा पातळ थरावर उभी आहे. सिरॅमिक कोटिंगचा थर त्याहून कितीतरी पातळ, एखाद-दोन मायक्रॉनचा. सिलिकाच्या, म्हणजे वाळू-काचेतल्या द्रव्याच्या, जातीचं रसायन, हवेतला दमटपणा घेऊन कडक होतं आणि क्लिअर कोटला घट्ट चिकटतं. मेणासारखं दोन-तीन महिन्यांत धुऊन जात नाही, हा त्याचा खरा गुण. पण एवढ्याशा थराने खडा अडत नाही आणि किल्लीचा ओरखडाही अडत नाही.

ते ‘९ एच’ काय ते मुलाला समजावून सांगा, त्याला आवडेल. चित्रकलेच्या तासाला एचबी, टू-बी पेन्सिली वापरतो, त्याच मालिकेतली ती पेन्सिल आहे. बीच्या बाजूच्या मऊ, एचच्या बाजूच्या कडक आणि ९ एच या चाचणीतली सगळ्यात कडक. या पेन्सिली एकेक करून थरावर ४५ अंशांत रेटून बघतात. ९ एचने चरा पडला नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू पेन्सिलीच्या शिशापेक्षा खूप कडक असते. ती धूळ कोरड्या फडक्याने पुसली की कोटिंग असो नसो, रेघा उमटणारच.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. माझी गडद राखाडी गाडी आहे. २०२१ साली बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून ड्रायव्हरच्या बाजूला मी कोटिंग करून घेतलं आणि डाव्या बाजूला दर तीन महिन्यांनी साधं मेण लावत राहिलो. गाडी इंदिरानगरला उघड्यावर, वर गुलमोहर, गुलमोहरावर कावळे.

पहिलं वर्ष कोटिंगचं होतं, हे मान्य करायलाच हवं. पावसात कसाऱ्याहून आलो की उजव्या बाजूचा चिखल नुसत्या पाण्याच्या माऱ्याने उतरायचा, डाव्या बाजूला हात लावावा लागायचा. एका रविवारी दोन्ही बाजूंवर एकाच रात्रीची कावळ्याची शीट होती. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचललं, तर उजवीकडे काही नाही आणि डावीकडे रुपयाएवढा फिका डाग. नख फिरवलं तर कडा लागत होती. पक्ष्याची विष्ठा उन्हात क्लिअर कोटला चरते. कोटिंगमुळे आपल्याला काही तास जास्त मिळतात. चार दिवस तशीच राहिली तर तिथेही डाग पडेल.

ओरखड्यांत मात्र दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा घाईत कोरडंच फडकं फिरवायचा. वर्षभराने रात्री टॉर्च मारून पाहिलं, तर दोन्हीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा.

आणि मग पाणी. ताई, इथे नीट लक्ष द्या, कारण तुमची अडचण हीच आहे. मे महिन्यात गाडी बोअरच्या पाण्याने धुतली आणि चांदवडला लग्नाला उशीर होतोय म्हणून न पुसताच निघून गेलो. संध्याकाळी आलो तर डाव्या बाजूला, जिथलं मेण उतरत आलं होतं, तिथे पाणी पसरून वाळलं होतं आणि पांढुरका पापुद्रा होता. उजव्या बाजूला कोटिंगवर पाण्याचे टपोरे मणी होऊन उभे राहिले होते आणि प्रत्येक मणी जागच्या जागी वाळून पांढरं वर्तुळ सोडून गेला होता. शेकडो वर्तुळं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. मण्यातलं पाणी उडतं, क्षार एका ठिपक्यात गोळा होतात आणि उन्हात चिकटून बसतात. जाहिरातीत दाखवतात ते पाण्याचे सुंदर मणी म्हणजे हेच. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, गार पत्र्यावर लावून, लगेच धुऊन बरेचसे डाग गेले. बाकीच्यांना पॉलिश मारावं लागलं आणि पॉलिशने त्या जागचं कोटिंगही गेलं. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही : पॉलिशने ओरखडा किंवा डाग काढला की तिथलं कोटिंग पुन्हा करायचं, पैसे देऊन.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी इंदिरानगरला नाही. बागेत ब्लोअर चालला की फवारा वाऱ्याबरोबर अंगणात येतो. बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुना असतो. तो काळ्या बॉनेटवर वाळला की निळसर-पांढरे ठिपके उठतात. कोटिंग असलं तरी ते त्याच दिवशी धुवावेच लागतात.

म्हणून माझं स्पष्ट मत : आत्ता शोरूममध्ये कोटिंग करू नका. त्यातले बरेचसे पैसे गाडीवर छप्पर घालायला वापरा, तेही कडुनिंबापासून आणि बागेच्या बांधापासून लांब. ऊन, पक्षी आणि फवारा या तिन्हींचा त्रास एका पत्र्याने कमी होतो. गाडी सकाळी ऊन चढायच्या आत धुवा आणि शेवटची बादली नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्या. मायक्रोफायबरच्या टॉवेलने लगेच टिपा, घासू नका. कार शॅम्पूच वापरा, कपड्यांची पावडर नको. दर तीन महिन्यांनी स्प्रे सीलंट (मेणासारखा संरक्षक थर देणारा द्रव) मारा, हजार रुपयांच्या आतबाहेर बाटली येते आणि बरीच पुरते.

ही सवय वर्षभर टिकली आणि तरी मुलाचं मन असेल, तर मग करा. काळ्या रंगावर सगळं दिसतं, त्याचा हट्ट अगदीच चुकीचा नाही. पण तेव्हा डिलिव्हरीच्या घाईत एका दुपारी उरकून देणाऱ्याकडे जाऊ नका. रंगाची जाडी मीटरने मोजून दाखवणारा, कोटिंगच्या आधी पॉलिश करून रेघा काढणारा आणि गाडी किमान एक दिवस आत ठेवून घेणारा शोधा. पाच वर्षांच्या वॉरंटीचा कागद आधी वाचायला मागा. बहुतेकांत दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्यांच्याकडेच पैसे भरून सर्व्हिस करायची अट असते. ती चुकली की वॉरंटी संपली. तो खर्च अठ्ठावीस हजारांत धरलेला नसतो.

मुंबईला वारंवार जाणं असेल तर खड्यांचे टवके बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या काठावर पडतात. त्याला पीपीएफ नावाची पारदर्शक फिल्म लागते, १५० ते २०० मायक्रॉन जाड. खडा अडवायला तेवढी जाडी हवी. पूर्ण गाडीला ती फार महाग पडते, पण नुसता पुढचा भाग करता येतो.

प्रश्न : माझी पांढरी गाडी सहा वर्षांची आहे, रंग मंद झालाय. कोटिंगने चमक परत येईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : कोटिंगने नाही, आली तर पॉलिशने येईल. कोटिंग पारदर्शक असतं, खाली जे आहे तेच ते झाकून ठेवतं. आधी रबिंग-पॉलिश करून घ्या, पण जाडी मोजूनच. प्रत्येक वेळी क्लिअर कोट थोडा खरवडला जातो आणि तो परत मिळत नाही. छताचे पापुद्रे निघत असतील तर रंगकामाशिवाय उपाय नाही. पांढऱ्या गाडीवर मी स्वतः कोटिंगचा खर्च करणार नाही.

प्रश्न : सिंहस्थाच्या कामांमुळे आमच्या पंचवटीत रोज गाडीवर धुळीचा थर बसतो. रोज धुवायला पाणी नाही. झटकणीने पुसलं तर चालेल का? आणि ग्राफीन कोटिंग याला चांगलं असतं का?
– एक वाचक

उत्तर : झटकणी घरात ठेवा. खोदलेल्या रस्त्याची धूळ म्हणजे बारीक सँडपेपरच, कोरडी फिरवली की रेघा पडल्याच. रोज पुसू नका, धूळ राहू द्या. धुळीने रंग खराब होत नाही, ती घासल्याने होतो. काच आणि दिवे तेवढे ओल्या फडक्याने स्वच्छ ठेवा. ग्राफीन हा कार्बनचा एक प्रकार; त्याच्या नावाने जास्त पैसे देऊ नका, बहुतेक बाटल्यांत मूळ काम सिलिकाचंच असतं. आठवड्यातून एकदा दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आधी तांब्याने वरून पाणी ओतून धूळ खाली वाहू द्या, मग छतापासून सुरुवात करा. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी पुसा आणि त्याचं फडकं वेगळं ठेवा.