तुला आजीकडे का ठेवले होते

प्रिय ईरा,

शाळेच्या प्रकल्पासाठी तू तुझे लहानपणापासूनचे फोटो ओळीने मांडत होतीस आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या फोटोत तुला आई दिसली नाही, मीही दिसलो नाही. तेव्हा तू आईला विचारलेस, "मी तुम्हाला नको होते म्हणून मला मुंबईला पाठवले होते का?" प्रश्न तू आईला विचारलास, पण उत्तर मी लिहितो आहे, कारण तुला बोरिवलीला आजी-आजोबांकडे ठेवायची कल्पना माझी होती. (असे प्रश्न नेहमी आईलाच का विचारले जातात, हा वेगळा विषय आहे.) काही वाक्ये तुला आज जड जातील, ती आपण दोघे मिळून वाचू.

व्यवहारातली कारणे थोडक्यात सांगतो. आई तेव्हा लीड्समध्ये पीएच.डी. करत होती आणि तिच्या प्रयोगांना रात्र-दिवस कळत नव्हते. मी एका गोदामात रात्रपाळीला जात होतो. इंग्लंडमध्ये त्या वेळी मुलाला तीन वर्षे पूर्ण झाली की पुढच्या सत्रापासून आठवड्याला १५ तास नर्सरी मोफत मिळत असे, पण तू तेव्हा दीड वर्षाची होतीस. दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती हवीच, असा इथला नियम आहे. तो चांगलाच आहे, फक्त त्याचा खर्च फीमध्ये उतरतो आणि ती फी आम्हाला झेपणारी नव्हती. आजी येऊन राहिली, परंतु व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. मुदत संपली तेव्हा परत जाताना ती तुला सोबत घेऊन गेली.

हे सगळे खरे असले तरी पुरेसे नाही, हे मला कळते. पैशाची ओढाताण इतरांचीही होते आणि ते मूल सात हजार किलोमीटर दूर पाठवत नाहीत. इथल्या आमच्या ओळखीच्यांना हे ऐकून धक्का बसला होता. मला मात्र ते अगदी साधे वाटले, आणि त्याचे कारण गिरगावात आहे.

माझा जन्म १९८४ चा. आजी-आजोबांनी बोरिवलीला जागा घेतली होती आणि आजी फोर्टमधल्या एका बँकेत नोकरीला होती. दिवसभर मला कोण पाहणार, हा प्रश्न त्यांनाही होताच. म्हणून सोमवार ते शनिवार मी आजीच्या आईकडे, म्हणजे तुझ्या पणजीकडे, गिरगावातल्या चाळीत राहत असे. तिच्या खोलीच्या दाराला गुडघ्याएवढ्या उंचीची एक लाकडी फळी होती. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकून केलेल्या खाचेत ती वरून सरकवून बसवायची. चाळीत दारे दिवसभर उघडी असत, आणि रांगते मूल गॅलरीत जाऊ नये एवढाच त्या फळीचा उपयोग. तिच्या वरच्या कडेवर माझ्या दातांच्या खुणा होत्या आणि त्यांच्या शेजारी, जुन्या, काळ्या पडलेल्या, माझ्या मामाच्या. शेजारच्या बायका ती फळी ओलांडून सरळ आत येत आणि मला उचलून नेत. संध्याकाळी मी कोणाच्या खोलीत आहे हे शोधावे लागे, पण त्याची कोणी काळजी करत नसे.

बँक सुटली की आजी फोर्टहून आधी गिरगावात येई, मला भरवी, झोपवी, आणि मग चर्नी रोडहून लोकलने बोरिवलीला जाई. मी जागा असताना ती निघाली तर मी त्या फळीला धरून रडत असे, असे तिनेच मला नंतर सांगितले. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ साली सुरू झाली, तोवर मी शाळेत जाऊ लागलो होतो. त्यामुळे तिच्या आयुष्यातली सर्वांत धावपळीची वर्षे साध्या लोकलच्या बायकांच्या डब्यातच गेली. मला ते रडणे आठवत नाही. आठवते ती शनिवारची दुपार, कारण बँक अर्धा दिवस असे आणि आजी मला घरी न्यायला येई.

तू बोरिवलीला गेलीस तेव्हा ती नुकतीच निवृत्त झाली होती. जिला मला फक्त संध्याकाळी तासभर भेटता येई, ती तुला दिवसभर मिळाली. रात्रपाळी करून मी सकाळी घरी येत असे, तेव्हा मुंबईत तुझी जेवायची वेळ असे. आजी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवी आणि तू मेतकूट-भाताचा घास माझ्या तोंडाशी, म्हणजे फोनच्या काचेशी, धरत असस. मग सगळा पडदा तुपाने धुरकट होई आणि मला नुसता तुम्हा दोघींचा आवाज येत राही. आजोबा तुला राष्ट्रीय उद्यानात वनराणी या छोट्या आगगाडीत बसवायला नेत, तेही मला असेच कळे. मला तुझी आठवण येत होती हे तर आहेच, पण खरे सांगायचे तर तुझा थोडा हेवाही वाटत असे.

तरीही मी ज्या रीतीच्या भरवशावर तुला पाठवले ती तिथे कितपत उरली होती, याची मला शंका आहे. बोरिवलीच्या इमारतीत दारे बंद असतात. शेजारी चांगले आहेत, पण मूल उचलून नेणारे नाहीत. साठीच्या दोन माणसांनी, त्यातही आजीच्या गुडघेदुखीसकट, चाळीचे काम एकट्याने केले. शिवाय रोज संध्याकाळी भेटणारी आई आणि फोनमध्ये दिसणारी आई यांत फरक आहे, तो मी तेव्हा फारसा मोजला नाही. तू परत आलीस तेव्हा कित्येक आठवडे आईच्या हातून जेवत नव्हतीस. ती ताट घेऊन बसे आणि तू आजीला हाका मारत असस.

नको असलेले मूल आपण आपल्या आईच्या हाती देत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. बाकीचे तू ठरव. उद्या तुझ्या मुलांना आमच्याकडे ठेवावेस असे मी कधी सुचवणार नाही. तू विचारलेस तर मात्र 'नाही' म्हणणे मला जमणार नाही. आईचे मत यापेक्षा वेगळे असू शकते, कारण त्या ताटाशी ती बसली होती, मी नव्हे. तेव्हा तिचे उत्तर तिच्याकडूनच ऐक. मी जवळ नसताना ऐकलेस तर ती अधिक मोकळेपणाने बोलेल.

तुझा,
बाबा